जास्तीचं पोट्टं

१

गुन्हा झाला म्हणजे काहीतरी कमी होतं. दागिना जातो, पेटी जाते, माणूस जातो. पण एकोणीसशे साठच्या संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या अकोल्याच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जो घोटाळा झाला त्यात एक नग जास्त निघाला. आणि नग म्हणजे काय, तर पोट्टं. जिवंत, गुबगुबीत, पायाचा अंगठा तोंडात घालून बसलेलं.

मी बेबीताई, नगरपालिकेच्या दवाखान्यातली नर्स. चाळिशी उलटली, केस पिकले, तरी नाव बेबीच. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे मधे हसू नका. आठवड्यातून एकदा मी त्या जिनच्या पाळणाघरात पोरांची वजनं करायला जायची. पाळणाघर म्हणजे काय, कापसाच्या गोदामाला लागून एक पत्र्याची खोली, आड्याला टांगलेल्या झोळ्या, आणि एवढ्या पोरांना मिळून एक आया, सुंदराबाई. शेठनं हौसेनं नाही काढलं ते. कायदा आहे म्हणून काढलं.

त्या संध्याकाळी भोंगा झाला आणि बघते तर दारात टेबल. टेबलामागं मुनीम शालिकराम, कानाला मफलर गुंडाळून.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"शेठच्या वकिलानं सांगतलं, बेबीताई. पाळणाघराचा खर्च इन्कमटॅक्सात दाखवला तं सूट भेटते. पण पोट्टं जिनातल्याच बाईचं पायजे. भायेरचं एक जरी सापडलं तं सगळी सूट गेली. म्हून आजपासून हरेक बाईनं माह्यासमोर उभं राहून म्हणायचं, हे माह्यं लेकरू, आन् मंग न्यायचं."

कालपर्यंत बाया यायच्या, आपापलं उचलायच्या आणि निघायच्या. आता रांग. दिवसभर कापूस हाताळून केसांत रुई, नाकात रुई, पाय दुखतायत, घरी चूल पेटायची आहे आणि हा माणूस त्यांच्याकडून शपथा घेतोय. पण बाया गरीब. एकेक पुढं झाली, "माह्यं" म्हणाली, पोर काखेला मारलं आणि गेली.

शेवटी झोळ्या रिकाम्या झाल्या. एक सोडून.

त्यात चार-पाच महिन्यांचा एक मुलगा होता आणि समोर बाई उरलेली नव्हती. गेटापाशी घोळका थांबला होता, सगळ्या इकडंच बघत होत्या. मुनीम ओरडला, "कोनाचं हाये हे?" कोणी बोलेना. पुन्हा ओरडला. ते पोरगं मात्र त्याच्या मफलरकडं बघून खुदकन हसलं.

तेवढ्यात गेटातून काठी टेकत एक म्हातारी आली. चतुराबाई. जिनमागच्या वस्तीत ती पैसे घेऊन पोरं सांभाळते. वय साठीच्या पुढं, तोंडात दात मोजून चार.

ती टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "द्या इकडं. माह्यं हाये ते."

२

मुनीम आधी हसला, मग चिडला. साठीची बाई चार महिन्यांच्या पोराची आई!

"आजी, येड लागलं का?" तो म्हणाला.

"माह्यं हाये म्हनतो ना. द्या."

"तू जिनात कामाले हायेस का?"

"नाई."

"मंग गेटाभायेर हो!"

म्हातारी हलेना. वॉचमननं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. जाता जाता तिनं घोळक्याकडं वळून अशी नजर टाकली, की निम्म्या बायांनी माना खाली घातल्या. मला ते खटकलं. पण मला इतकं काही खटकत असतं, की कशाकशाचा माग काढू?

मुनीमनं लगेच शोध लावून टाकला. "सरळ हाये, ताई. पाळणाघर निंघालं आन् या बुढीचा धंदा बसला. कुठून तरी पोट्टं आनलं, झोळीत घातलं. भायेरचं पोट्टं सापडलं म्हंजे सूट बंद, सूट बंद तं पाळणाघर बंद, आन् हिचा धंदा सुरू."

"आणि मग तीच येऊन माझं म्हणेल? लपवायचं सोडून?"

"बुढी हाये. येडी हाये."

उत्तर सापडलं नाही की बाई वेडी ठरते. मला हे नवीन नाही.

त्यानं निकालही देऊन टाकला. उद्या दुपारपर्यंत जिनमधली आई पुढं आली नाही तर पोर दोनच्या मोटारीनं अमरावतीच्या अनाथाश्रमात. आणि पाळणाघराला कुलूप. शेठ कायद्याचं काय ते वकिलाकरवी बघून घेतील. म्हणजे एका पोराचं घर जाणार आणि बाकीच्यांच्या झोळ्या. परवापासून या बाया पोरं ठेवणार कुठं? सरकीच्या ढिगावर?

"तोवर मी नेते ह्याला," मी म्हटलं. मुनीमला तेवढंच पाहिजे होतं.

घरी कंदिलाच्या उजेडात पोराला नीट पाहिलं. टाकून दिलेलं पोर मी दवाखान्यात पाहिलेलं आहे. हे तसलं नव्हतंच. अंगाला तेल जिरवलेलं. डोळ्यांत काजळ, गालाला तीट. नखं दातांनी कुरतडून बारीक केलेली, जशी आईच करते. नाकपुडीला टोचल्याचं भोक. आणि ढेकर दिली तेव्हा ओठांवर आलं ते आईचं दूध. बकरीचं नाही, डब्याचं नाही. म्हणजे दुपारच्या सुट्टीत कोणीतरी छातीशी धरून पाजलं होतं. आई बाहेरची नव्हतीच. ती जिनमध्ये होती, आणि टेबलासमोर आली नव्हती.

अंगडं तर विचारूच नका. नुसती ठिगळं! मुनीम म्हणाला होता, "भिकाऱ्याचं दिसते." पण ठिगळाखाली फाटलेलं काही नव्हतं. वेगवेगळ्या कापडांचे तुकडे जोडूनच अंगडं शिवलेलं, बारीक टाक्यांनी, कोरं करकरीत. काय आईला आख्खं कापड मिळालं नाही?

पोरगं चमच्यानं दूध घेईना. रडून घर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात कडी वाजली. भागीरथा होती. जिनमधलीच बाई, आमच्याच बौद्ध वस्तीतली, देवमनची बायको. हिची दोन बाळं मागंच गेली होती. तिसऱ्या वेळी बाळंतपणाला माहेरी, नांदगाव खंडेश्वरला गेली. पोळ्याला परत आली तेव्हा मी विचारलं होतं, आणि ती एवढंच म्हणाली होती, "माह्यापाशी काई नाई राह्यलं, ताई." मी पुन्हा विषय काढला नाही. कसा काढणार?

"रडून राह्यलं म्हून आलो," ती म्हणाली. "पाजू का त्याले? मले दूध हाये अजून."

मला गलबलून आलं. स्वतःची तीन गेली आणि बाई दुसऱ्याच्या पोराला पाजायला आली! मी पोर तिच्या मांडीवर दिलं. ते असं तुटून पडलं आणि असं झोपलं, की मी देवमाणूस, देवमाणूस म्हणत तिला चहा करून दिला. माझ्या अकलेला काय म्हणावं ते पुढं तुम्हीच ठरवा.

३

सकाळी पोर काखेला मारून मी पुन्हा जिनमध्ये गेले. भागीरथा पहाटे येऊन त्याला पाजून गेली होती, म्हणून गडी खुशीत होता. आधी सुंदराबाईला धरलं.

"काल सकाळी हे पोर तुझ्या हातात कोणी दिलं?"

"मले इचारता?" ती माझ्यावरच उसळली. "भोंगा होते, बाया खिडकीतून पोट्टे आत लोटतात. एकीचं रडते, एकीचं हगते, एकीचं झोळीतून लटकते. दुपारी साऱ्या एकदम येतात, पाजतात, पळतात. मी तोंडं पाहू का झोळ्या हालवू? दुसरी आया द्या म्हनून मुनीमले सांगून सांगून मेलो मी!"

तिचंही खरं होतं. पण बोलताना ती पोराकडं बघत नव्हती, याचीही मी मनात नोंद घेतली.

तेवढ्यात मुनीम धावत आला. चेहरा असा, की लॉटरी लागली. "ताई, सापडली! ह्या अंगड्यातला हा जांभळा तुकडा पाहा. पांढऱ्या ठिपक्यांचा. हे लुगडं कोनाचं हाये? शकुनचं! अर्ध्या जिनानं पाह्यलं हाये."

शकुन म्हणजे नवऱ्यानं सोडलेली, वर्षभर भावाकडं राहणारी तरुण पोरगी. मुनीमच्या डोक्यात पुढची गोष्ट तयारच होती. नवरा नाही आणि पोर आहे, म्हणून लपवलं. त्यानं तिला सगळ्यांसमोर कामावरून उठवून आणली. बायांचे हात थांबले.

शकुननं अंगडं बघितलं आणि ताठ मानेनं म्हणाली, "तुकडा माह्या लुगड्याचा हाये. पोट्टं माह्यं नाई."

"मंग तुकडा उडून आला का?"

"मागतला, देला."

"कोणी मागितला?" मी विचारलं.

ती वळून कामाकडं निघाली.

"अगं, तुझी बदनामी होतेय, कळतंय का? हा माणूस तुला कामावरून काढेल. नाव सांग आणि मोकळी हो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नाव काही घेतलं नाही. "काढू द्या," म्हणाली. "मले नाव घ्यायले नोका लावू, ताई. तुमच्या पाया पडतो."

आता माझं डोकंच फिरलं. अमरावतीची मोटार दोन वाजता. एक म्हातारी आई नसून आई म्हणवते. एक तरुण पोरगी नोकरी घालवेल पण नाव घेणार नाही. आणि खरी आई इथंच कुठंतरी कापूस सारत उभी आहे, आणि तिचं पोर जातंय तरी तोंडातून शब्द काढत नाही! ह्या गावातल्या सगळ्यांच्या जिभा एकाच दिवशी कुठं गहाण पडल्या?

मी रागारागानं ते अंगडं पोराच्या अंगातून काढलं आणि बायांच्या समोर धरलं. "हा हिरवा तुकडा कोणाचा? ही किनार कोणाची? हे फुलाफुलांचं?"

हिरवं लुगडं नेसलेली बाई पटकन पदर आवळून मागं सरकली. तिच्या शेजारणीच्या लुगड्याची किनारसुद्धा मला अंगड्यात दिसली. मग तिसरी. मग सुंदराबाईच्या चोळीचं कापड.

एकट्या शकुनचा नाही, सगळ्यांचाच तुकडा होता त्यात. ह्या सगळ्यांना माहीत होतं. अख्ख्या जिनमध्ये ते पोर कोणाचं हे ठाऊक नसलेली माणसं तीनच. शेठ, मुनीम आणि तुमची ही शहाणी बेबीताई.

४

मी तडक वस्तीत गेले. चतुराबाई ओट्यावर बसली होती, काठी मांडीवर.

"आजी," मी म्हटलं, "तू काल खोटं बोलली नाहीस."

"मी कायले खोटी बोलतो?"

"पोर तुझं आहे. विकत घेतलंस तू."

म्हातारीनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "उशिरा का होईना, समजलं म्हना," ती बोलली.

समजायला काय लागत होतं? नाक टोचलेला मुलगा, आणि घरोघरच्या कापडाचं अंगडं. माझ्या आजीनंही हेच केलं होतं माझ्या काकाच्या वेळी. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, ती नवं बाळ सुपात घालते, उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर नेऊन ठेवते, आणि दुसरी बाई त्याला पसाभर जवारी देऊन विकत घेते. मग बाळ तिचं. मुलगा असला तर नाक टोचायचं, म्हणजे मुलगीच वाटावी. अंगडं मागून आणलेल्या तुकड्यांचं, म्हणजे ते कोणाचंच नाही आणि सगळ्यांचं आहे असं मृत्यूला वाटावं. आणि खऱ्या आईनं तोंडानं "माझं" म्हणायचं नाही. म्हटलं, की गेलं. दुसऱ्या कोणी तिचं नाव घेतलं तरी गेलं.

आणि त्या दीडशहाण्या मुनीमनं काय केलं? नेमकं तेच एक वाक्य दारात उभं राहून मोठ्यानं म्हणायला लावलं.

"पण मग आजी, पोर तुझं, तर सांभाळायचे पैसे कसले घेतेस? रोजच्या रोज घेत होतीस ना?"

म्हातारी जराशी ओशाळली. "घेत होतो. मी खाऊ काय? पाळणाघर झालं आन् बाकीचे पोट्टे गेले. हे एकच राह्यलं. म्हून भाव वाढवला. परवा तिनं हो म्हनलं, पण झेपलं नाई, म्हून काल गुपचूप पोट्टं झोळीत नेऊन टाकलं."

ऐकून माझं डोकं भणभणलं. शेठ कायद्यानं झोळ्या टांगतो, तर त्याला सरकार सूट देतं. आणि ही बाई अर्धी मजुरी म्हातारीच्या हातावर ठेवते, तिला कोण सूट देणार? वर तिच्या हक्काची झोळी फुकट, तिच्या कामाच्या जागेपासून वीस पावलांवर टांगलेली! फक्त "माझं" म्हणायचं, की मिळाली. आणि तेवढंच तिला म्हणता येत नाही.

"ती" कोण हे म्हातारीनं सांगितलं नाही. गरजही नव्हती. परतताना रस्त्यातच माझे पाय थबकले. श्रावण संपता संपता ज्या बाईचं बाळ गेलं, तिला संक्रांतीला दूध कुठून? महिन्याभरात आटतं ते. मी नर्स! सर्टिफिकेट भिंतीला टांगलंय! आणि त्या भागीरथाला देवमाणूस म्हणून चहा पाजला.

"माह्यापाशी काई नाई राह्यलं." खरंच बोलली होती ती. विकलं होतं ना!

मालधक्क्यावर देवमनला गाठलं. हा आमच्या विहाराचा सेक्रेटरी. दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर असं भाषण करतो, की कंदील हलतो. म्हटलं, आता ह्यालाच फैलावर घ्यायचं.

"देवमन, दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली. हे उकंड्याचं प्रकरण तुझ्या बायकोनं केलं, तेव्हा तू कुठं होतास?"

त्यानं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं. घाम पुसला.

"तठीच होतो, ताई," तो म्हणाला. "भाषण मीच देतो. सूप बी मीच धरलं होतं." आणि मग हळूच, "दोन पुरले ना मी या हातानं. भाषणात ते येत नाई."

धर्म एका दिवसात बदलता येतो आणि आम्ही तो बदलला, छाती काढून बदलला. पण हाताला लागलेली माती एवढ्या लवकर निघत नाही.

५

बाराचा भोंगा झाला तेव्हा मी टेबलासमोर उभी होते, पोर काखेत, आणि मागं काठी टेकत चतुराबाई. बाया पाजायला आल्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. भागीरथा सगळ्यांच्या मागं होती. तिनं चौकट एवढी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती.

"सापडली आई?" मुनीमनं विचारलं.

"सापडली. पण ती बोलणार नाही."

"तं मंग मोटार—"

"थांबा. मला तुमचा नियम पुन्हा सांगा. पोर कोणाचं पाहिजे?"

"जिनात कामाले असंल त्या बाईचं."

"आणि चतुराबाई म्हणते पोर तिचं. विकत घेतलंय. साक्षीदार अख्खी वस्ती आहे. काय गं, खोटं आहे का?"

घोळक्यातून एकदम आवाज आला, "खरं हाये!" सगळ्यात मोठा शकुनचा.

"पण बुढी जिनात कामाले नाई!" मुनीम किंचाळला.

"मग ठेवा कामाला. एवढ्या पोरांना एक आया, हे कायदेवाल्या साहेबानं पाहिलं तर दंड कोणाला? दुसरी आया पाहिजेच. चतुराबाईनं अर्धं अकोला सांभाळून मोठं केलंय. उद्या तुम्हालाही सांभाळेल. आणि मुनीमजी, तिचा पगारही पाळणाघराच्या खर्चातच येतो. वकिलाला विचारा. शेठना त्याचीही सूट."

सूट म्हटल्याबरोबर मुनीमचा चेहरा बदलला. मफलर सैल झाला. "त्याची बी भेटते?"

"विचारा ना."

तो आत फोनला गेला. बाहेर कोणी हललं नाही. कापसाच्या धुरळ्यात उन्हाचा पट्टा पडला होता. सुंदराबाई पुटपुटत होती, "हो म्हन रे बाप्पा, हो म्हन." मुनीम बाहेर आला आणि वैतागून म्हणाला, "शेठ म्हनतात, ठेवा बुढीले. पण पोट्टं झोळीत जाईन तं तिच्याच नावावर."

"कोणाला नाही म्हणायचंय?"

मग दुपारची सुट्टी होती तेवढ्यात बाया पोरांकडं धावल्या. भागीरथाही झोळीपाशी आली. मुनीमची सवय कुठं जाते! त्यानं तिला हटकलं, "काय वं, तू कोनाचं पाजतेस?"

"चतुराबाईचं," ती म्हणाली, आणि खाली बसून पदराआड त्याला घेतलं. तिचे खांदे हलत होते. चतुराबाई काठी घेऊन तिच्यापुढं आडवी उभी राहिली आणि मुनीमला म्हणाली, "जा ना तिकडं. बायांत काय पाहून राह्यला?"

झालं, पाळणाघर वाचलं. ही हकीगत इथंच संपायची. पण सहा वर्षांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, भागीरथा त्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. उकंडा नाव त्याचं, गुडघे फुटलेले, तोंडाला आंब्याचा रस. शाळेसाठी वयाचा दाखला पाहिजे होता. सकाळीच तिनं चतुराबाईच्या पदरात पसाभर जवारी परत घालून पोर पुन्हा आपलं करून घेतलं होतं, आणि म्हातारीनं दहादा मोजल्यासारखं करून "कमी हाये" म्हणून भांडणही काढलं होतं.

मी पेन उघडला. "आईचं नाव?"

तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मी मुकाट्यानं थांबले. मला ते फारसं जमत नाही, पण थांबले.

"भागीरथा," ती म्हणाली. "मी. माह्यं हाये हे. माह्यं पोरगं."

आणि मग बाई थांबेचना. कंपाउंडरला सांगितलं, माह्यं. रांगेतल्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याला सांगितलं, माह्यं हाये. फाटकातल्या भाजीवालीला हाक मारून सांगितलं. मागं तीस पेशंट खोळंबलेले, उकंडा लाजून तिचा पदर ओढतोय, आणि ही आपली रस्त्यानं जाईल त्याला ऐकवतेय. माझे कान किटले. पण मी एका शब्दानं तिला गप्प बस म्हटलं नाही.